संध्याकाळी सातनंतरची वीज

गेल्या महिन्यात घरगुती वीजबिलाविषयी लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: अणुवीज वाढल्याशिवाय आपल्याकडचा कोळसा रात्रीचा विझणार नाही. बिलाबद्दल दोन पत्रं आली, या एका वाक्याबद्दल एकोणतीस. काही रागाची होती, काही काळजीची. म्हणून या वेळचं सदर त्या पत्रांनाच देतो.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख. १९७८ साली मी विदर्भातल्या एका कोळशाच्या वीजकेंद्रात नोकरीला लागलो. सहा वर्षांनी तारापूरच्या अणुवीज केंद्रात आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. शेवटची वर्षं कंट्रोल रूममध्ये पाळीप्रमुख होतो. माझं निवृत्तिवेतन अणुवीजेच्या नोकरीचं आहे, हे लक्षात ठेवून माझी उत्तरं वाचावीत.

प्रश्न : आम्ही चंद्रपूरला राहतो. दोरीवरचे कपडे घरात घेताना झटकावे लागतात, हाताला काळं लागतं. मुलगा दम्याचा पंप दप्तरात घेऊन शाळेत जातो. तुमच्या अणुवीजेमुळे आमच्याकडचं एक तरी धुराडं बंद होईल का, की नुसती जास्तीची वीज तयार होईल? — एक शिक्षिका, चंद्रपूर

बाई, तुम्ही अगदी वर्मावर बोट ठेवलंत. आपल्या देशात आजवर अणुवीजेमुळे कोळशाचं एकही धुराडं बंद झालेलं नाही. देशात तयार होणाऱ्या दर शंभर युनिटांतली सत्तरहून जास्त कोळशातून येतात आणि अणूतून जेमतेम तीन. विजेची मागणी दर वर्षी वाढते आणि ही तीन युनिटं त्या वाढीतच विरून जातात. तेव्हा "अणुवीज आली की कोळसा गेला" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मागणीच्या वाढीपेक्षा वेगाने स्वच्छ वीज आली, तरच जुनं धुराडं थांबतं.

पण हे घडलेलं आहे, आणि आमच्या जातीच्या अणुभट्ट्यांनी ते घडवलेलं आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २००३ साली साधारण पाव वीज कोळशाची होती. ईरी सरोवराच्या काठी नँटिकोक नावाचं कोळशाचं केंद्र होतं, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. प्रांताने कोळसा सोडायचं ठरवलं. ब्रूस केंद्रातल्या बंद ठेवलेल्या, जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) वापरणाऱ्या अणुभट्ट्या दुरुस्त करून एकेक पुन्हा चालू केल्या, जोडीला पवनचक्क्या आणि गॅस होता. २०१३ च्या अखेरीस नँटिकोकला शेवटचा कोळसा जळला आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये थंडर बे इथलं प्रांतातलं अखेरचं केंद्रही कोळशातून बाहेर पडलं. टोरांटोतले उन्हाळ्यातले धुरक्याचे इशारे जवळजवळ थांबले. त्या अणुभट्ट्या आणि राजस्थान, काक्रापार, कैगा किंवा तारापूरच्या ३ आणि ४ नंबरच्या अणुभट्ट्या, सगळं एकाच घराण्यातलं. राजस्थानची पहिली अणुभट्टी कॅनडाच्याच मदतीने उभी राहिली होती. पुढे १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्यांनी हात काढून घेतला आणि आपल्या लोकांनी ते तंत्र स्वतः पुढे नेलं.

कोळसा आणि युरेनियम यांतला फरक मी अंगावर घेतलाय, तो सांगतो. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरला, म्हणजे कोळशाच्या उंच कोठीला, चिकटायचा. खाली दळणाऱ्या मिलमध्ये कोळसा पडेना, की हातोडे घेऊन माणसं बंकरच्या पत्र्यावर धडाधडा मारत बसायची. बाहेर वाघिणी उलट्या करून रिकाम्या करणाऱ्या वॅगन टिपलरपाशी रेक, म्हणजे कोळशाची अख्खी मालगाडी उभी, आणि तिच्यामागे दुसरी. आपल्या कोळशातून एक युनिट काढायला साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जातो. म्हणजे ५४० मेगावॅटचं केंद्र पूर्ण ताकदीने चोवीस तास चालवायचं तर साडेआठ-नऊ हजार टन कोळसा हवा, रोज दोन रेक भरून वर थोडा. तारापूरची ५४० मेगावॅटची अणुभट्टी तेवढ्याच कामाला दिवसाला युरेनियमचे दहा-बारा गठ्ठे खाते. एक गठ्ठा अर्धा मीटर लांब, वजन वीस-पंचवीस किलो. नवा गठ्ठा साधे हातमोजे घालून उचलता येतो. २००५ च्या मार्चमध्ये चार नंबरची अणुभट्टी पहिल्यांदा सुरू झाली, त्या दिवसांत मला राहून राहून ओल्या कोळशाचा वास आठवत होता.

युरेनियमही खाणीतूनच येतं, हे लपवायचं कारण नाही. झारखंडमधल्या जादुगुडाच्या धातुकात हजार किलोत किलोभरही युरेनियम नसतं. असल्या एका अणुभट्टीला वर्षाला साधारण ऐंशी टन युरेनियम लागतं, म्हणजे लाखाहून जास्त टन दगड फोडावा लागतो. तिथल्या गावांचे प्रश्न तुमच्यासारखेच खरे आहेत. तरी समोर वर्षाला अठ्ठावीस लाख टन कोळसा, त्यातून उरणारी दहा लाख टन राख आणि हवेत जाणारा चाळीस लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड ठेवून पाहा. अणुवीजेची तुलना काहीच न करण्याशी करू नये. तुमच्या दोरीवर बसणाऱ्या त्या काळ्या धुळीशी करावी.

प्रश्न : मी छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवलंय. बिल जवळजवळ शून्य येतं. सूर्य फुकट आहे, पॅनेल स्वस्त झालीत. मग अब्जावधी रुपये आणि दहा-दहा वर्षं अणुभट्ट्यांत का घालवायची? — निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

सोलर बसवलंत ते उत्तम केलंत. माझ्याही घरावर आहे. पैशाच्या हिशेबात दिवसाच्या विजेपुरता सूर्यच जिंकला आहे, यावर मी वाद घालणार नाही. देशात सौरऊर्जेची क्षमता २०२५ च्या सुरुवातीलाच एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. अणुवीज तिच्या दहाव्या हिश्श्याचीही नाही.

पण तुमचं बिल शून्य येतं ते नेट मीटरिंगमुळे. दुपारी तुम्ही ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, वीज देता आणि रात्री तेवढीच परत घेता. ती रात्रीची वीज तुमच्या पॅनेलची नसते. संध्याकाळी सात वाजता नाशिकमध्ये दिवे लागतात, पंखे फिरतात, मिक्सर सुरू होतात, आणि सूर्य तर गेलेला असतो. त्या वेळी तुमच्या घरात जी वीज येते ती मुख्यतः कोळशाची. दुपारी कोळशाची केंद्रं दबून चालतात आणि सूर्य मावळला की तासाभरात त्यांना उसळी घ्यावी लागते. त्यासाठी ती दिवसभर गरम ठेवलेली असतात. म्हणून सौरऊर्जा इतकी वाढूनही धुराडी जागच्या जागी उभी आहेत.

बॅटरी आहे की, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि वेगाने स्वस्त होतेय. सात ते अकराचे चार तास बॅटरी भरून काढेल, हे मी आता मानतो. पाच वर्षांपूर्वी मानत नव्हतो. आपल्याकडे कोयना आहे, घाटघरचा पाणी वर चढवून साठवणारा प्रकल्प आहे. असे प्रकल्प आणखी झाले पाहिजेत. पण जुलैचा एखादा आठवडा आठवून पाहा. सह्याद्रीवर ढग बसलेत, चार दिवस ऊन नाही, पॅनेलं दिवसभरात नेहमीच्या निम्मीही वीज देत नाहीत. चार तासांची बॅटरी चार दिवस पुरत नाही. तेव्हा ऋतू आणि तास न बघता चालणारं काहीतरी ग्रिडच्या तळाशी लागतं. आज तिथे कोळसा बसलाय. मला तिथे अणुभट्टी हवी आहे, तुमच्या पॅनेलच्या जागी नव्हे.

आमच्या यंत्राची खोडही सांगतो. अणुभट्टी स्कूटरसारखी चालू-बंद करता येत नाही. ती ट्रिप झाली, म्हणजे अचानक थांबली, की इंधनात झेनॉन नावाचा वायू साठत जातो आणि ज्या न्यूट्रॉन कणांवर अणुभट्टी चालते तेच तो गिळतो. आमच्या अणुभट्ट्यांत अर्ध्या-पाऊण तासात कारण शोधून पुन्हा सुरू केली तर केली, नाहीतर झेनॉन ओसरेपर्यंत दीड दिवस हात बांधून बसायचं. त्या अर्ध्या तासात कंट्रोल रूममध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. म्हणून ही अणुभट्टी सलग, एका लयीत चालवायची. कर्नाटकातल्या कैगाची एक नंबरची अणुभट्टी २०१८ च्या ३१ डिसेंबरपर्यंत ९६२ दिवस न थांबता चालली आणि तेव्हाचा जगाचा विक्रम करून गेली. अडीच वर्षांहून जास्त काळ, तीन पावसाळे धरून. कोणतंही सौर पॅनेल ते करू शकत नाही, आणि दुपारच्या दोन वाजताची स्वस्त वीज कोणतीही अणुभट्टी देऊ शकत नाही.

प्रश्न : आम्ही राजापूर तालुक्यातले, घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी. जैतापूरच्या नावाने आमच्याकडे काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. फुकुशिमा सगळ्या जगाने पाहिलं. तरी तुम्ही म्हणता अणुवीज हवी. तुमच्या दारात हवी का? — नाव छापू नये

भाऊ, माझी तिशी, चाळिशी, पन्नाशी अणुभट्टीपासून काही किलोमीटरांवरच्या कॉलनीत गेली. माझ्या दोन्ही मुली तिथेच वाढल्या, तिथल्याच बाजारातले बोंबील-पापलेट खाऊन. तेव्हा दारात हवी का, याचं उत्तर मी जगून दिलेलं आहे. पण मला तिथे पगार होता आणि कॉलनीत घर होतं. तुमच्याकडून जमीन आणि समुद्र मागितला जातोय. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हे मला कळतं.

आधी जपानचं फुकुशिमा. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला तेव्हा चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप थांबल्या. पण अणुभट्टी थांबली तरी तिचं इंधन गरमच राहतं. थांबल्या क्षणी पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता आतून निघत असते, दिवसभराने ती अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. ती काढून घ्यायला पाणी फिरतं ठेवावं लागतं आणि त्यासाठी वीज लागते. बाहेरची वीज भूकंपाने गेली. डिझेल जनरेटर सुरू झाले, आणि पाऊण-एक तासात त्सुनामीची चौदा-पंधरा मीटरची लाट त्यांच्यावरून गेली. समुद्रभिंत सहा मीटरचीही नव्हती. बहुतेक जनरेटर तळघरात होते. पुढचं सगळं त्या एका गोष्टीतून झालं. त्याच किनाऱ्यावर ओनागावाचं केंद्र भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ होतं. ते उंचावर बांधलेलं होतं. तिथल्या अणुभट्ट्या सुखरूप थांबल्या आणि घरं वाहून गेलेल्या आसपासच्या गावकऱ्यांनी त्या केंद्राच्या व्यायामशाळेतच आसरा घेतला. धोका होताच, पण तो कुठे होता तेही ठाऊक होतं आणि माणसांनी तिकडे काणाडोळा केला. माझ्या दृष्टीने फुकुशिमाचा धडा तो आहे. ती बातमी पाहिली त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही आमचे डिझेल जनरेटर, त्यांच्या टाक्या, त्यांची उंची हे सगळं पुन्हा तपासायला बसलो.

जैतापूर प्रकल्पाची जागा, म्हणजे माडबनचा सडा, समुद्रसपाटीपासून वीस मीटरहून उंच आहे, तेव्हा लाटेची भीती तिथे त्या प्रमाणात नाही. तुमची खरी काळजी गरम पाण्याची असायला हवी, आणि ती रास्त आहे. वाफेवर चालणारं कोणतंही केंद्र एक भाग वीज करतं आणि जवळजवळ दोन भाग उष्णता बाहेर टाकतं. जैतापूरच्या मूळ आराखड्यात १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या होत्या, एकूण ९९०० मेगावॅट. त्या सगळ्या चालल्या तर सतरा हजार मेगावॅटहून जास्त उष्णता समुद्रात जाईल, अहोरात्र. गरम पाण्याच्या तोंडाशी मासा थांबत नाही. "काही फरक पडणार नाही" असं साखरी नाट्याच्या कोळ्याला सांगणारा अधिकारी त्याचा अपमान करतो. किती अंतरावर किती अंश फरक पडेल, हे आधी मोजून मराठीत बंदरावर लावायला हवं. केंद्र चालू झाल्यावर तेच आकडे रोज लावायला हवेत. जाळं टाकणाऱ्याला ते वाचता आले पाहिजेत आणि चुकले तर भरपाई मागता आली पाहिजे.

माझं मत विचाराल, तर माझ्या जुन्या सहकाऱ्यांना ते आवडणार नाही. जैतापूरचा आकार चुकला. एकाच जागी सहा, त्याही आपल्याकडे कधी न चाललेल्या फ्रेंच घाटाच्या. त्याच घाटाची फ्लामाँव्हिलची अणुभट्टी फ्रान्सने २००७ साली बांधायला घेतली आणि ती ग्रिडला जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरात. तीनेक अब्ज युरोंचा अंदाज तेरा अब्जांवर गेला. फिनलंडच्या ओल्किलुओटोची कथा तशीच, २००५ ते २०२३. दुसरीकडे आपल्या स्वतःच्या ७०० मेगावॅटच्या अणुभट्ट्या काक्रापारला २०२३ आणि २०२४ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागल्या. त्यांनाही उशीर झाला, पण आता त्या कशा बांधायच्या हे आपल्याला येतं. एकच नमुना, तीच माणसं, एकामागून एक. फ्रान्सने सत्तर-ऐंशीच्या दशकात जे केलं ते असंच केलं. माझा कौल याला आहे. आणि बांधकामाआधी गावाशी बोलण्यात जी वर्षं जातात ती उशिरात धरू नयेत. काँक्रीटचा पाया भरायला जितका वेळ लागतो तितका हाही लागणारच. २०११ च्या एप्रिलमध्ये तुमच्याकडे आंदोलनात गोळीबार झाला, माणूस गेला. त्यानंतर कितीही जाड घुमट बांधला तरी त्या जागेवरचा विश्वास बांधून होत नाही.

प्रश्न : मी म्युनिकजवळ राहते, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. जर्मनीने सगळ्या अणुभट्ट्या बंद केल्या आणि दिवे गेले नाहीत. इतका प्रगत देश असं करत असताना आपण उलटे का चाललोय? — एक वाचक, बव्हेरिया

तुमच्या जवळचं इझार २ हे केंद्र १५ एप्रिल २०२३ ला थांबलं, त्याच रात्री आणखी दोन. दिवे गेले नाहीत, बरोबर. आणि त्या वर्षी जर्मनीत कोळशाची वीज वाढलीही नाही, उलट कमी झाली, कारण मागणी उतरली, वारा-सूर्य वाढले आणि शेजाऱ्यांकडून वीज आली. "जर्मनीने अणुभट्ट्या बंद करून कोळसा वाढवला" असं आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरतं, ते मी पुढे पाठवणार नाही.

पण मला हळहळ वाटते ती वेगळ्या कारणाने. त्या तीन अणुभट्ट्या चांगल्या चालत होत्या. बांधायचा खर्च कधीच फिटला होता. जर्मनीचा कोळसा कायद्याने उशिरात उशिरा २०३८ पर्यंत चालणार आहे. ज्या रात्री इझार २ थांबलं त्या रात्री लिग्नाइटची, म्हणजे हलक्या तपकिरी कोळशाची, केंद्रं धूर सोडत होती. आधी लिग्नाइट बंद करून मग अणुभट्ट्या बंद केल्या असत्या, तर मी काही बोललो नसतो. क्रम उलटा झाला. नवी अणुभट्टी बांधावी की नाही यावर शहाण्या माणसांत मतभेद होऊ शकतात. चालू असलेली, सुरक्षित अणुभट्टी कोळशाच्या आधी बंद करणं मला समजत नाही.

फ्रान्सकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. तिथे दोन-तृतीयांशाच्या आसपास वीज अणूची. पण २०२१ च्या अखेरीस पाइपांच्या जोडांत गंजाच्या भेगा सापडल्या आणि २०२२ मध्ये एकाच नमुन्याच्या कितीतरी अणुभट्ट्या एकदम तपासणीला बंद ठेवाव्या लागल्या. नेहमी वीज विकणारा देश त्या वर्षी विकत घेत होता. मी वर एकच नमुना वारंवार बांधा म्हटलं, त्याची ही दुसरी बाजू आहे. ती मान्य करूनच मी ते म्हणतो.

प्रश्न : अणुकचरा हजारो वर्षं राहतो. तो पुढच्या पिढ्यांच्या डोक्यावर का ठेवायचा? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

वापरलेला गठ्ठा अणुभट्टीतून बाहेर येतो तेव्हा त्याच्याजवळ माणूस उभा राहू शकत नाही. तो यंत्रानेच खोल पाण्याच्या टाकीत उतरवतात. वरून पाहिलं तर ताज्या गठ्ठ्यांभोवती पाण्यात निळा उजेड दिसतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिलो होतो. तेवढं पाणी मध्ये आहे म्हणूनच आपण इथे उभे आहोत, हे त्या दिवशी पुस्तकाबाहेर कळलं.

आता आकार. ५४० मेगावॅटच्या अणुभट्टीचे वर्षभराचे गठ्ठे नुसत्या घनफळाने मोजले तर दहा बाय दहाच्या एका खोलीत मावतील. तसे ते रचत नाहीत, गरम असतात, अंतर ठेवावं लागतं, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं. तेवढ्याच कोळशाच्या विजेची राख दहा लाख टन, आणि ती कोणी पाण्यात बुडवून पहाऱ्यात ठेवत नाही. राखेच्या तलावाचा बांध फुटलेला मी पाहिलाय. शेतात गुडघाभर करडा चिखल होता.

आपल्या देशाने वापरलेलं इंधन फेकून न देता त्यावर प्रक्रिया करायची असं ठरवलं आहे. त्यातलं प्लुटोनियम आणि उरलेलं युरेनियम वेगळं काढायचं, प्लुटोनियम पुढच्या टप्प्याच्या अणुभट्ट्यांत इंधन म्हणून वापरायचं. होमी भाभांची तीन टप्प्यांची आखणी तीच आहे. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या फास्ट ब्रीडर, म्हणजे वापरते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या, अणुभट्टीचा गाभा भरायला २०२४ च्या मार्चमध्ये सुरुवात झाली. तिचं बांधकाम २००४ साली सुरू झालं होतं. हा उशीर देशाला फार महागात पडला. शेवटी जो अतिकिरणोत्सारी द्रव उरतो तो काचेत ओतून घट्ट करतात. तारापूरला हे काम ऐंशीच्या दशकापासून चालत आलंय. त्या काचेतली सर्वांत जास्त त्रास देणारी सीझियमसारखी मूलद्रव्यं तीस वर्षांत निम्मी होतात, तीनशे वर्षांत हजारावा भाग उरतो. काही मूलद्रव्यं मात्र खरोखर हजारो वर्षं राहतात, प्लुटोनियमला निम्मं व्हायलाच चोवीस हजार वर्षं लागतात. फिनलंडने त्यासाठी चारशे मीटरहून खोल खडकात कायमची जागा तयार केली. आपण अजून केलेली नाही. तुझी पिढी हे काम हातात घेणार आहे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. हा कचरा कुठे आहे, किती आहे, याची एकेका गठ्ठ्याची नोंद आहे. कोळशाचा धूर आपण नोंद न ठेवता नातवंडांच्या हवेत सोडतोय.

प्रश्न : म्हणजे अणुवीज आली की पेट्रोल-गॅस सुटेल? — रिक्षाचालक, पिंपरी

एकदम नाही. आपण जी एकूण ऊर्जा वापरतो त्यातली विजेच्या रूपात वापरतो ती पाचवा हिस्सा धरा. बाकी पेट्रोल, डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, पोलाद आणि सिमेंटच्या भट्ट्या. तुमची रिक्षा विजेवर आली, शेगडी विजेवर आली, तर त्या विजेला कुठूनतरी यावं लागेल. रात्री दहाला चार्जिंगला लावलेली रिक्षा कोळशावर चार्ज झाली तर धूर पिंपरीतून निघून विदर्भात गेला एवढंच. म्हणून आधी वीज स्वच्छ, आणि तिच्या जोडीने रिक्षा.

प्रश्न : सरकारने २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅट अणुवीजेचं ध्येय ठेवलंय. होईल का? — तीन वाचकांनी विचारलं आहे

आज आपण नऊ हजारांच्या आसपास आहोत. वीज देणारी पहिली अणुभट्टी तारापूरला १९६९ साली लागली, म्हणजे इथवर यायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. उरलेल्या वीसेक वर्षांत अकरापट. मला एक लाखाचा आकडा अवघड वाटतो. निम्मा झाला तरी धुराडी थांबायला लागतील. पैसा उभा करता येईल. वेल्डर, पाइपफिटर, तपासनीस, ऑपरेटर कुठून येणार? एक चांगला कंट्रोल रूम ऑपरेटर तयार व्हायला सात-आठ वर्षं लागतात. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर करून खाजगी कंपन्यांना दार उघडलं. येऊ देत. माझा आग्रह एवढाच, की नियामक मंडळाचा निरीक्षक "अणुभट्टी बंद करा" म्हणाला, की कोणत्याही मालकाला त्याच्या वरच्याला फोन करता येऊ नये.

प्रश्न : मी अकरावीत आहे, बोईसरला. मला अणुभट्टी चालवायची आहे. काय शिकू? मुलींना घेतात का? — एक विद्यार्थिनी

घेतात, आणि कंट्रोल रूममध्येही बसवतात. गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, केमिकल यांतली कोणतीही पदवी घे आणि गेटची, म्हणजे अभियांत्रिकी पदवीधरांसाठीची देशपातळीवरची, परीक्षा दे. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा १९५७ पासून चालू आहे, अणुवीज महामंडळही गेटच्या गुणांवरून प्रशिक्षणार्थी निवडतं. पदवीऐवजी डिप्लोमा केलास तरी वाट आहे.

आतापासून एक सवय लाव. घरातलं जे यंत्र बिघडेल त्याची तारीख, वेळ, काय दिसलं, काय केलं, हे वहीत लिही. केलं ते लिही, करायला हवं होतं ते नको. पाळी बदलताना आम्ही पुढच्या माणसाच्या हातात तशीच वही देतो. रात्री अकराला मी ती घ्यायचो, पहिल्या पानापासून वाचायचो, आणि वाचून सही केल्यावरच आधीचा माणूस घरी जायचा.